बांधाखालून जाणारं पाणी

उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जवळजवळ एक गुंठा. युरोपीय अंतराळ संस्थेचा सेंटिनेल-२ हा उपग्रह जमिनीचं जे चित्र टिपतो, त्यात १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असा तुकडा एका ठिपक्यात बसतो. म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरांचा. एकरभर रान म्हणजे चाळीस ठिपके. गावातल्या बैठकीत नकाशा पसरला की मी आधी एवढंच सांगते. मग माणसं पुढे सरकतात आणि आपापले गुंठे शोधू लागतात.

माझं काम कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठच्या गावांतलं. वाळवा, पलूस, मिरज, हातकणंगले, शिरोळ या तालुक्यांतल्या पाणथळ आणि क्षारपड जमिनींचे नकाशे मी करते. कृषी अभियांत्रिकी शिकले, माहेरही याच पट्ट्यातलं, उसाचं. इथल्या रानात पाणी आणायला दोन पिढ्या राबल्या. आता त्याच रानातलं जास्तीचं पाणी बाहेर काढायची वेळ आली आहे, आणि त्यासाठी ते नेमकं कुठे साठलंय हे आधी कळायला हवं. उपग्रह तिथे उपयोगी पडतो.

पूर ओसरतो, पाणी उरतं

२००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षांचे महापूर सांगली-कोल्हापूरच्या माणसांना तारखांसकट आठवतात. पुराचं पाणी सगळ्यांना दिसतं, त्याचे पंचनामे होतात, भरपाईची चर्चा होते. पाणथळ जमिनीचं पाणी असं डोळ्यांवर येत नाही. ते जमिनीखाली असतं. केंद्र सरकारच्या कार्यगटाने १९९१ साली दिलेल्या निकषानुसार भूजलाची पातळी जमिनीपासून दोन मीटरांच्या आत आली की ती जमीन पाणथळ. वरून रान कोरडं दिसेल, माणूस त्यावरून चालत जाईल, पण हातभर खाली माती भिजलेलीच असते.

पिकाच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधली पोकळी पाण्यानेच भरली की मुळं गुदमरतात. सोयाबीन लवकर पिवळं पडतं, हळदीचा कंद कुजतो. ऊस चिवट, तो तग धरतो, पण कांड्या आखूड राहतात, फुटवे मरतात आणि उतारा घसरतो. शेतकरी म्हणतो, "ताई, रान वाफशावर येईनाच." नांगर घालायला गेलं की ढेकळं निघतात, थांबावं तर हंगाम निघून जातो.

दुसरं संकट मिठाचं. दिव्याच्या वातीतून तेल वर चढतं तसं भूजल मातीच्या बारीक पोकळीतून वर चढतं. उन्हाने पाणी उडून जातं, त्यात विरघळलेले क्षार मात्र वरच राहतात. मार्च-एप्रिलमध्ये सरीच्या वरंब्यावर पांढरी साय धरते. गावात त्याला 'मीठ फुटलं' म्हणतात. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता प्रति मीटर ४ डेसिसायमनच्या वर गेली की शास्त्र त्या जमिनीला क्षारयुक्त म्हणतं. त्यापुढे एकेक पीक रजा घेतं आणि शेवटी रानात लव्हाळा आणि पाणकणीस उरतं.

हे का झालं, याची उत्तरं लपलेली नाहीत. कोयना धरणामुळे कृष्णेला बारमाही पाणी आलं. साठ-सत्तरच्या दशकांपासून सहकारी उपसा सिंचन योजनांनी ते नदीपासून दूरच्या रानांपर्यंत चढवलं. माती भारी काळी. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. त्यावर बारमाही ऊस, तोही पाटाच्या पाण्यावर. आणि पावसाचं पाणी नदीला नेऊन घालणारे लहान ओढे हळूहळू सपाट करून रानात घेतले गेले. पाणी यायच्या वाटा वाढल्या, जायच्या बुजल्या.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला आणि काही दशकांतच त्याच्या लाभक्षेत्रात, बारामतीच्या बाजूला, जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या. दख्खनच्या कालव्यांवर काम करणाऱ्या सी. सी. इंग्लिस आणि व्ही. के. गोखले या अभियंत्यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. त्या काळी पाणी शोधायचं म्हणजे जागोजागी भोकं पाडायची, विहिरींत दोर सोडायचा आणि मोजमाप वहीत उतरवायचं. ती पद्धत आजही खरी आहे. फरक एवढाच, की भोक कुठे पाडायचं हे आज आधी कळू शकतं.

प्रकाश काय सांगतो

सेंटिनेल-२ मालिकेतला पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये आणि दुसरा मार्च २०१७ मध्ये सुटला. मालिकेतले दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी आपल्या रानावरून जातात, सकाळी अकराच्या आसपास. आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश ते टिपतातच, शिवाय न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपतात. एकूण तेरा पट्टे. माझ्या कामाचे त्यातले मोजकेच.

निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि लगतचा अवरक्त प्रकाश जोराने परतवतं. या दोन्हींतल्या फरकावरून पिकाची हिरवाई मोजायचा एक निर्देशांक आहे, एनडीव्हीआय. एकाच आठवड्यात लावलेल्या, एकाच जातीच्या उसात मधले पाच-दहा गुंठे महिनोन्महिने मागे राहत असतील तर ते या आकड्यात ठळक उठून दिसतात. पण पीक मागे राहायला कारणं अनेक. खत कमी पडलं असेल, हुमणी लागली असेल, लागणच विरळ झाली असेल. म्हणून एवढ्यावरून निकाल देता येत नाही.

दुसरा साक्षीदार लघुतरंग अवरक्त प्रकाश. पाणी हा प्रकाश जवळजवळ पिऊन टाकतं, त्यामुळे ओली माती या पट्ट्यात काळी दिसते. गाळपानंतर पाचट जाळलेलं रान आणि ओलं काळं रान साध्या रंगीत चित्रात सारखंच दिसतं. या पट्ट्यात त्यांचा फरक कळतो. उलट, मीठ फुटलेली जमीन दृश्य प्रकाशात पांढरी चमकते. या पट्ट्याचा ठिपका मात्र २० मीटरांचा, म्हणजे चार गुंठ्यांचा. रानाच्या कोपऱ्यातला एखाद्या गुंठ्याचा दलदलीचा तुकडा त्यात हरवू शकतो.

इथे सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. कालच पाणी दिलेलं रानही ओलंच दिसणार. एका दिवसाच्या चित्रावरून कुणी 'तुमची जमीन पाणथळ आहे' असं सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. मी ऑक्टोबरपासून मेपर्यंतची चित्रं रांगेने लावते. पाऊस संपल्यावर चांगलं रान सुकत जातं, पाणी दिल्यावर ओलं होतं, पुन्हा सुकतं. त्याला एक लय असते. पाणथळ तुकड्याला ही लय नसते. तो नोव्हेंबरात ओला, जानेवारीत ओला, एप्रिलच्या उन्हातही ओला. ऊस तुटून गेल्यावर, उघड्या जमिनीवर, हे सर्वांत स्पष्ट दिसतं. अनेक महिने, आणि जमल्यास दोन-तीन वर्षं, एकाच जागी टिकून राहिलेला ओलावा हीच खरी खूण.

आणखी मागे जायचं तर अमेरिकेचा लँडसॅट आहे. त्याचा पहिला उपग्रह जुलै १९७२ मध्ये गेला आणि २००८ पासून त्याचा सगळा साठा जगाला मोफत खुला झाला. त्याचा ठिपका ३० मीटरांचा, नऊ गुंठ्यांचा. पण त्यातून एखाद्या शिवाराचा तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास उलगडता येतो. "आमच्या लहानपणी इथं शाळू यायचा, मीठ नव्हतं," असं एखादे तात्या सांगतात, तेव्हा मी जुनी चित्रं काढते. पांढरा डाग ओढ्याच्या कडेने सुरू होऊन वर्षागणिक कसा सरकत गेला, हे त्यांनाच बोट ठेवून दाखवता येतं. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहांवरच्या लिस-४ कॅमेऱ्याचा ठिपका तर ५.८ मीटरांचा, म्हणजे गुंठ्याचा तिसरा हिस्सा. लहान तुकड्यांच्या आपल्या शेतीला तो फार उपयोगी. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र आणि नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र या संस्था अशी चित्रं आणि त्यांवरून केलेले नकाशे सांभाळतात.

ढगांपलीकडून

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हे सगळे कॅमेरे हतबल होतात. आभाळ गच्च भरलेलं असतं आणि चित्रात नुसते ढग येतात. रानात पाणी कुठे तुंबलंय हे पाहायची खरी गरज नेमकी त्याच दिवसांत असते. तिथे रडारचे उपग्रह कामाला येतात. २०१४ साली गेलेल्या सेंटिनेल-१ पासून त्यांची चित्रंही मोफत मिळू लागली. आपल्या इस्रोने २०१२ मध्ये रिसॅट-१ आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ईओएस-०४ हे रडार उपग्रह सोडले.

रडार सूर्यावर विसंबून नसतं. ते स्वतः सूक्ष्मलहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरी मोजतं. त्या ढगांतून पार जातात, रात्रीही चालतात. स्थिर, सपाट पाण्यावर पडलेली लहर पलीकडच्या दिशेला निघून जाते, उपग्रहाकडे परतत नाही. म्हणून तुंबलेलं पाणी चित्रात काळं दिसतं. मात्र पाण्यात पीक उभं असेल तर चित्र उलटतं. लहर आधी पाण्यावर आणि मग ताटावर आपटून सरळ उपग्रहाकडे फिरते, आणि ती जागा नेहमीपेक्षा उजळ होते. ओल्या मातीचंही असंच. परावैद्युत स्थिरांक नावाचा एक गुण आहे. तो कोरड्या मातीचा साधारण ३ ते ५ आणि पाण्याचा सुमारे ८० असतो. तो जितका जास्त तितकी लहर जोरात परतते. म्हणून कोरड्या रानापेक्षा ओलं रान रडारला उजळ दिसतं. पाणी दिसतं ते कधी काळं, कधी उजळ, आणि हे समजल्याशिवाय रडारचा नकाशा वाचायला जाणं धोक्याचं.

आमच्या भागात रडारचीही एक अडचण आहे: ऊस. सेंटिनेल-१ ची लहर साडेपाच सेंटिमीटरांची. डोक्याच्या वर गेलेल्या उसाच्या पाल्यातच ती विखुरते, मातीपर्यंत फारशी पोहोचत नाही. म्हणून ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या निसार या उपग्रहाकडे मी मोठ्या आशेने पाहते. इस्रो आणि नासा यांनी मिळून तो बनवला आहे. त्यावर दोन रडार आहेत आणि त्यांतल्या नासाच्या रडारची लहर २४ सेंटिमीटरांची आहे. लहर लांब असली की ती पाल्यातून अधिक खोल जाते. दर बारा दिवसांनी तो त्याच जागेवर परत येतो. उभ्या उसाखालच्या मातीची ओल वरून वाचता आली, तर ऊस तुटायची वाट न पाहता आम्हाला हंगामातच बोलता येईल.

भोक पाडल्याशिवाय निकाल नाही

नकाशावर निळा डाग आला म्हणून काम संपत नाही. तिथून ते सुरू होतं. त्या जागी जाऊन आम्ही ऑगरने, म्हणजे मातीत फिरवत घालायच्या हातगिरमिटाने, दोन मीटरपर्यंत भोक पाडतो. पाणी कितीवर लागतं ते पाहतो. तिथे छिद्रांची नळी उभी ठेवून पाणी कसं वर-खाली होतं याची महिनोन्महिने नोंद ठेवतो. थरांची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून सामू, क्षारता आणि सोडियमचं प्रमाण तपासायला देतो. कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र याच प्रश्नावर काम करतं आणि या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांचा तो मोठा आधार आहे.

ही तपासणी टाळली तर नुकसान होतं. नुसती क्षारयुक्त जमीन आणि चोपण जमीन यांचे उपाय वेगळे. चोपण जमिनीत सोडियम मातीला चिकटून बसलेला असतो, तिथे जिप्समची गरज पडते. क्षारयुक्त जमिनीला आधी निचरा आणि मग गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढणं लागतं. तिथे जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. उपग्रहाला हा फरक खात्रीने सांगता येत नाही. त्याने जागा दाखवायची, निदान मातीनेच करायचं.

आणि माणसांनीही. ज्याने चाळीस वर्षं ते रान कसलं, त्याला उपळ कुठे फुटतं, बैलजोडी कुठे रुतायची, कुठल्या सरीत पाणी सोडलं की दुसऱ्या दिवशी शेजारच्या रानात निघायचं, हे सगळं ठाऊक असतं. आमच्या नकाशांतली नेमकेपणाची निम्मी भर अशा बोलण्यातून पडली आहे.

पाणी गट नंबर वाचत नाही

आता या लेखाचं मूळ कारण. शेतकऱ्याला आपलं रान दिसतं आणि बांधापलीकडचा शेजारी दिसतो. "वरच्या रानाचं पाणी आमच्यात येतंय," असं खालचा म्हणतो. "आम्ही काय नदी सोडलीय काय?" असं वरचा विचारतो. भाऊबंदकीची भांडणं त्यातून पेटतात. दोघंही खोटं बोलत नसतात. पण जमिनीखालचं पाणी कुणाच्या एकाच्या रानातून येत नसतं. चढावरची शंभर-दोनशे एकर रानं पाटाने भिजतात, त्यातलं झिरपलेलं पाणी बांधाखालून सरकत सरकत सखल भागात गोळा होतं. तिथे ज्याचं रान असेल, त्याच्या नशिबी मीठ.

उपग्रहाच्या चित्रावर गावाचा जुना नकाशा ठेवला की हे एका नजरेत येतं. कृष्णाकाठच्या एका गावात आम्ही तसं केलं. एप्रिलच्या चित्रात ओलाव्याचा एक लांब वाकडा पट्टा दिसत होता. तो तीसेक गटांतून गेला होता आणि कुठल्याच बांधाशी त्याचा मेळ बसत नव्हता. भूमी अभिलेखातल्या जुन्या गावनकाशावर त्याच जागी ओढा काढलेला होता. आज तिथे ओढा नाही, ऊस आहे. नांगरून, भराव टाकून, थोडा थोडा करत तो रानांत मिसळून गेला. पाण्याने मात्र आपली वाट सोडलेली नाही. वर जागा उरली नाही म्हणून ते खालून वाहतंय, आणि पुढे वाट नाही म्हणून साठतंय.

त्या बैठकीत आवाज चढले, पण सूर वेगळा होता. कुणी कुणाच्या रानाकडे बोट दाखवत नव्हतं. सगळे त्या पट्ट्याकडे बघत होते. चढावरच्या एका शेतकऱ्याने विचारलं, "म्हणजे माझं पाणी कमी केलं तर खालच्याला फरक पडंल?" पडेल, असं मी सांगितलं. ठिबक केलं तर नक्की पडेल. उपग्रहाने दिलेल्या माहितीत मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ती प्रश्नाला गावाच्या मापात आणून ठेवते.

कारण उपायही गावाच्याच मापाचा आहे. भूमिगत निचरा म्हणजे साधारण मीटर-सव्वा मीटर खोल, ठरावीक अंतरावर, छिद्रांच्या पाईपांच्या ओळी घालायच्या. माती आत जाऊ नये म्हणून त्यांना गाळणीचं कापड गुंडाळायचं. या ओळी एका मोठ्या पाईपला जोडायच्या आणि तो पाईप ओढ्यात किंवा नाल्यात सोडायचा. क्षार पाण्याबरोबर निघून जातात, मुळांना हवा मिळते. भारी जमिनीत याहून स्वस्त असा मोल निचराही करता येतो. त्यात पाईप न घालता खास नांगराने जमिनीखाली पोकळ बोगदे काढतात. पण दोन्हींत एक अट आहे: शेवटी पाणी सोडायला वाट हवी. मधल्या रानवाल्याने पाईप नेऊ दिला नाही, ओढा बुजलेला राहिला, तर वरच्याने केलेला लाखांचा खर्च फुकट. शिरोळ तालुक्यात दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकरी गटागटाने एकत्र आले, सामाईक निचरा केला, आणि पडीक पडलेल्या क्षारपड जमिनींत पुन्हा ऊस उभा राहिला. तिथे ते जमलं, कारण आखणी एकेका सातबाऱ्याची नव्हती, सगळ्या शिवाराची होती.

निचऱ्याचा उतार काढायला उपग्रह चालत नाही, हेही सांगते. उपग्रहावरून मिळणाऱ्या उंचीत मीटरांची चूक असू शकते आणि आमच्या सपाट काठाला काही सेंटिमीटरांचा उतार मोजावा लागतो. त्यासाठी लेव्हल घेऊन रान पायाखालीच घालावं लागतं.

माझं मागणं साधं आहे. दर वर्षी एप्रिल-मेमध्ये, नदीकाठच्या प्रत्येक गावाचा ओलाव्याचा आणि क्षारांचा नकाशा गट नंबरांसह ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. चित्रं मोफत आहेत, ती वाचणारी मुलं-मुली आपल्या कृषी महाविद्यालयांतून दर वर्षी बाहेर पडत आहेत. त्या नकाशावर जुने ओढे काढावेत आणि ग्रामसभेत पहिला विषय तोच घ्यावा: कुठला ओढा कुठे बुजला आणि तो मोकळा करायला कुणाकुणाची संमती लागेल. साखर कारखान्यांनी उसाच्या नोंदीबरोबर निचऱ्याचीही नोंद ठेवावी, कारण मीठ फुटलेल्या रानातून त्यांनाही ऊस मिळणार नाही. आणि शेतकऱ्याने आपल्या चाळीस ठिपक्यांबरोबर शेजाऱ्याचे चाळीसही बघावेत. बांधाखालचं पाणी दोघांचं आहे, त्याला बाहेर काढायचा खर्चही दोघांनी मिळूनच करावा लागेल.